शेवाळे मॅडम आणि गाळलेली पायरी

प्रा. सुमन शेवाळे यांना परीक्षेच्या कामातून वगळण्यात आले, ते एका चुकीच्या आदर्श उत्तरामुळे. ते उत्तर मी लिहिले होते. ही दोन वाक्ये एकापुढे एक ठेवायला मला अकरा वर्षे लागली. मधल्या काळात मी विभागप्रमुख झालो, आणि माझी ओळख करून देणारा प्रत्येक जण मला ‘मृदुभाषी’ म्हणू लागला. हे विशेषण ऐकून फक्त शेवाळे मॅडम हसत. मॅडम सहसा हसत नसत.

गंगापूर रोडवरच्या आमच्या महाविद्यालयात आम्ही दोघे सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत होतो. त्यांना शिकवताना पहिल्यांदा ऐकले, ते वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात उभे राहून. त्यांनी फळ्यावर खडूने मोठी, देखणी पेशी काढली: केंद्रक, त्यातली गुणसूत्रे, बाहेर विखुरलेले रायबोसोम, सगळे नीटनेटके. मग त्या पेशीच्या कडेला खडूचा एक ठिपका टेकवला आणि खडू खाली ठेवला. एका मुलाने विचारले, “मॅडम, विषाणू मोठा करून काढा ना.”

“याच्याकडे मोठं करून दाखवण्यासारखं काय आहे?” मॅडम म्हणाल्या. “चूल नाही, भांडी नाहीत, शिधा नाही, आचारी नाही. खिशात एक चिठ्ठी घेऊन दुसऱ्याच्या घरात शिरतो. त्याला तुम्ही चलाख म्हणता. फुकट्या आहे तो. ठिपका पुरे.”

पुढे मी त्यांचे अनेक तास ऐकले. प्रत्येक वेळी तो ठिपकाच असे, आणि प्रत्येक वेळी त्याच्याकडे त्या तशाच तुच्छतेने पाहत, जणू तो आत्ताच चपला न काढता आत आला आहे.

मॅडम मूळच्या नामपूरच्या. वडिलांचा कांदा बाजारात जाई आणि मुलगी बैलगाडीत मागे बसून पुस्तक वाची, असे त्यांनी एकदाच सांगितले होते. तेही कोणीतरी ग्रामीण भागातून आल्याबद्दल त्यांचे कौतुक करू लागले तेव्हा, त्याला गप्प करण्यासाठी. वर्गात त्यांची मराठी स्वच्छ, घोटीव असे. राग मात्र अहिराणीत येई. एखाद्याची प्रयोगवही उघडून त्या विचारत, “हाई काय शे?” हे काय आहे, एवढाच त्याचा अर्थ, पण ते तीन शब्द कानावर पडले की नाशिकरोडच्या, सिडकोच्या, सातपूरच्या मुलांनाही अहिराणी एकदम समजू लागे.

‘समजलं का?’ असे त्यांनी कोणालाही कधी विचारले नाही. त्या म्हणत, “काय समजलं नाही ते सांगा. समजल्याचं नाटक घरी जाऊन करा, तिथे टाळ्या मिळतील.” बाजारात मिळणाऱ्या तयार उत्तरांच्या पुस्तकांना त्या ‘उष्टं’ म्हणत. आणि मला म्हणत, “दीक्षित सर, तुमचं बोलणं ऐकायला स्टेथोस्कोप लागतो.”

मी त्यावर स्मित करी. आमचे घराणे गोदाकाठी यात्रेकरूंचे पौरोहित्य करणारे. वडिलांनी शिकवले होते की दारात आलेल्या यजमानाशी आवाज चढवून बोलू नये. मी ती शिकवण जन्मभर पाळली, आणि जिथे आवाज चढवायलाच हवा होता तिथेही पाळली. मॅडमना याचा वास आधीच आलेला असावा. एकदा स्टाफरूममध्ये सर्वांसमक्ष त्या म्हणाल्या, “हळू बोलणारा माणूस दोनच कामं करतो. समोरच्याला झोपवतो, नाहीतर काहीतरी लपवतो. सर, आम्हाला झोप तर येत नाहीये.” सगळे हसले. मीही हसलो. तेव्हा लपवण्यासारखे माझ्याकडे काही नव्हते. त्याची सोय नंतर झाली.

आमच्या घरी यजमानांच्या वंशावळीच्या वह्या आहेत. कोणत्या गावचे कोणते कुटुंब कधी आले, त्यांचे आजे-पणजे कोण, हे पिढ्यान्पिढ्या त्यांत लिहिलेले असते. वही जीर्ण झाली की तिची नक्कल होते. मॅडमनी एका रविवारी घरी येऊन त्या वह्या तासभर न्याहाळल्या. जाताना म्हणाल्या, “सर, तुमच्या घरात रेट्रोव्हायरस शिकवायचं साहित्य पडून आहे, आणि तुम्ही वर्गात पीपीटी दाखवता.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी शिकवलेला तास मला आजही तोंडपाठ आहे.

“ही पेशी म्हणजे दीक्षित सरांचं घर,” त्यांनी सुरुवात केली. “आतल्या खोलीत वही. वहीवरून चिठ्ठ्या उतरवून देणारा घरचा कारकून. चिठ्ठी वाचून स्वयंपाक करणारा बाहेरचा आचारी, म्हणजे रायबोसोम. आता पोलिओचा विषाणू येतो. तो आतल्या खोलीकडे बघतसुद्धा नाही. मागच्या दारानं येऊन स्वतःची चिठ्ठी थेट आचाऱ्याच्या हातात देतो. आचारी रांधायला लागतो. उथळ चोर आहे, पण सरळ आहे. रेट्रोव्हायरस मात्र खानदानी. त्याचीही चिठ्ठी आरएनएचीच, पण तो ती आचाऱ्याला देत नाही. सोबत स्वतःचा लेखनिक आणतो. लेखनिक ती चिठ्ठी वहीच्या लिपीत, डीएनएत, उलटी उतरवून काढतो. मग ते पान आतल्या खोलीत नेऊन वहीच्या मधोमध शिवून टाकायचं. झालं. आता विषाणूनं काही करायची गरजच नाही. घरचा कारकून वही उघडतो, त्या पानाची चिठ्ठी काढतो, बाहेर धाडतो. आचारी रांधतो. घरचा कारकून, घरचा आचारी, घरचा शिधा, आणि पदार्थ चोराचे. एक लांबच लांब पदार्थ तयार होतो, मग विषाणूची कात्री त्याचे तुकडे करते. लेखनिक सोडला तर एवढी कात्री काय ती त्याची स्वतःची.”

“पण मॅडम, कारकुनाला कळत नाही का?” घोटीच्या वैशालीने विचारले. तिचे वडील तिथल्या भाताच्या गिरणीत कामाला होते. ती पहिल्या बाकावर बसे आणि असेच अडचणीचे प्रश्न विचारी.

“कसं कळणार? शाई घरची, कागद घरचा, वहीही घरची. पान कोणी शिवलं हे विचारायची त्याला सवय नाही. जगातली निम्मी कामं अशीच होतात, वैशाली. वहीत आहे ना, मग बरोबरच असणार.” मग फळ्याकडे वळून त्या म्हणाल्या, “वहीची पायरी गाळली की रेट्रोव्हायरस उरत नाही. पोलिओ होतो. परीक्षेत गाळणाऱ्याला मी भोपळा देईन.”

त्याच सुमारास मॅडमनी पोलिओवर लिहिलेले टिपण मी वाचायला मागून घेतले. तिरप्या, ठसठशीत अक्षरातली चार पाने होती. एका वर्षी विद्यापीठाची प्रश्नपत्रिका काढण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा त्या टिपणावरून मी पोलिओचे आदर्श उत्तर बेतले. ते उत्तम झाले, होणारच होते. पुढच्या वर्षी पुन्हा माझ्याकडेच काम आले. या वेळी प्रश्न होता: रेट्रोव्हायरस यजमान पेशीच्या यंत्रणेकडून आपली प्रथिने कशी करवून घेतो ते क्रमवार लिहा. पाकीट दुसऱ्या दिवशी द्यायचे होते. दोन्ही विषाणूंची चिठ्ठी आरएनएचीच, दोघांचाही लांब पदार्थ कात्रीने कापला जातो. मी आदल्या वर्षीचे उत्तर काढले आणि विषाणूचे नाव बदलले. वहीची पायरी त्यात नव्हतीच. पोलिओच्या उत्तरात ती कशी असेल?

मला ते येत नव्हते असे नाही. येत असून मी लिहिले नाही. अज्ञानाला निदान एक प्रतिष्ठा असते. माझ्यापाशी तीही नव्हती.

उत्तरपत्रिका तपासण्यासाठी आम्ही शहरातल्या दुसऱ्या एका महाविद्यालयाच्या सभागृहात जमलो. प्रत्येक परीक्षकाच्या टेबलावर आदर्श उत्तराची प्रत होती. प्रश्नपत्रिका कोणी काढली हे गोपनीय असते, त्यामुळे माझे नाव कोणालाच ठाऊक नव्हते. पहिला गठ्ठा सोडल्यावर दहा मिनिटांत शेवाळे मॅडम प्रत हातात घेऊन केंद्रप्रमुखांसमोर उभ्या राहिल्या.

“सर, हे उत्तर चूक आहे.”

“मॅडम, ते आदर्श उत्तर आहे.”

“आदर्श असेल. चूक आहे.”

“वरून आलंय ते.”

“वरून पाऊसही येतो. आपण छत्री उघडतोच ना?”

सभागृहात खसखस पिकली आणि लगेच माना खाली गेल्या. केंद्रप्रमुख भला माणूस होता. दुपारच्या जेवणापूर्वी किती गठ्ठे व्हायचे याची त्याला काळजी होती. तो म्हणाला, “मॅडम, बाकी कोणाची तक्रार नाही. सगळे त्याप्रमाणेच तपासताहेत.”

मॅडमनी सभागृहावरून नजर फिरवली. “रायबोसोम आहात सगळे,” त्या म्हणाल्या. “हातात चिठ्ठी पडली की रांधत सुटायचं. कोणाची चिठ्ठी, कशाची चिठ्ठी, विचारायचं नाही.” मग दोन टेबले पलीकडे बसलेल्या माझ्याकडे पाहिले. “दीक्षित सर, तुम्ही सांगा यांना. तुम्ही हाच भाग शिकवता.”

उठून केंद्रप्रमुखाच्या कानात एक वाक्य सांगितले असते तरी पुरे होते. उत्तरे दुरुस्त झाली असती, मला फार तर एक खरमरीत पत्र आले असते. पण विभागप्रमुखाची निवड दोन महिन्यांवर होती. मी म्हणालो, “सूचना पाळलेल्या बऱ्या, मॅडम.”

“काय? ऐकू आलं नाही.”

मी ते पुन्हा म्हणालो नाही. मी समोरची उत्तरपत्रिका ओढली, आणि कोणत्या तरी विद्यार्थ्याने अचूक लिहिलेल्या वहीच्या पायरीवर लाल रेघ मारली. माझ्या गठ्ठ्यातल्या बाकीच्यांवरही मारली. मॅडमनी आपला गठ्ठा विज्ञानाप्रमाणे तपासला. त्यांचे गुण इतरांशी जुळले नाहीत, चौकशी झाली, ‘सूचनांचे उल्लंघन’ असा शेरा आला आणि तीन वर्षे त्यांना परीक्षेच्या कामातून वगळण्यात आले. आमच्या महाविद्यालयात एवढे पुरेसे होते. वाद घालणारी व्यक्ती प्रमुखपदी नको, असे ठरले. मृदुभाषी व्यक्ती हवी होती; ती उपलब्ध होती.

मला प्रमुखपद मिळाल्यावर मॅडम माझ्या खोलीत आल्या. “अभिनंदन,” त्या म्हणाल्या. “आता तरी घसा साफ करा.”

त्यानंतर वैशाली आली. तिने अर्ज करून आपल्या उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवली होती. वही, कारकून, आचारी हे सारे शास्त्रीय नावांनिशी तिने क्रमाने लिहिले होते. त्यावर लाल रेघ होती आणि शेजारी दहापैकी दोन गुण. ते तपासणारा हात माझा नव्हता, एवढे मी घाईने पाहून घेतले. किती क्षुद्र समाधान! तो हात ज्या कागदाकडे बघून चालला होता, तो माझाच होता.

“सर, माझं काय चुकलं?” तिने विचारले. “मॅडमना नाही विचारत. त्या चिडतील, परत त्यांनाच त्रास होईल.”

“उत्तर जरा लांबलं असेल,” मी म्हणालो.

तिने मान डोलावली. शिक्षकाने सांगितले म्हणून तिने ते खरे मानले. त्या वर्षी एम.एस्सी.च्या प्रवेशयादीत तिचे नाव आले नाही. ते याच गुणांमुळे का, हे मी तपासले नाही. तपासले असते तर कळले असते, म्हणून तपासले नाही.

मॅडम सात वर्षांनी निवृत्त झाल्या. निरोप समारंभात मी त्यांच्या स्पष्टवक्तेपणाची भरभरून स्तुती केली. उत्तरादाखल त्या एवढेच म्हणाल्या, “प्रमुखांचं भाषण छान झालं असावं. मागच्या रांगेपर्यंत आलं नाही.”

यंदा प्रयोगशाळेची जुनी कपाटे रिकामी करताना मला ती चार पाने सापडली. तिरपे, ठसठशीत अक्षर. शेवटच्या पानाच्या समासात पेन्सिलीने एक ओळ होती. पाने मागून घेतली तेव्हापासून ती तिथेच असणार, मी ती कधी पाहिली नव्हती. ‘दीक्षित सर, हे फक्त पोलिओपुरतं. रेट्रोव्हायरसला लावू नका, वहीची पायरी राहील.’

मी कपाटापाशीच स्टुलावर बसलो. इतकी वर्षे मी स्वतःला घाईची सबब देत आलो होतो. त्या एका ओळीने तीही काढून घेतली.

संध्याकाळी मी मॅडमच्या घरी गेलो. गुडघ्यांमुळे त्या आता फारशा बाहेर पडत नाहीत. नामपूरहून आलेले कांदे त्यांच्या गॅलरीत पसरलेले होते आणि त्या खुर्चीत बसून काठीच्या टोकाने नासके बाजूला लोटत होत्या. “या प्रमुख,” त्या म्हणाल्या. “बसा. त्या कांद्याला पाय लावू नका, तो चांगला आहे.”

मी चहा येण्यापूर्वीच सांगून टाकले. “मॅडम, ते आदर्श उत्तर मी लिहिलं होतं.”

“ठाऊक आहे.”

“कधीपासून?”

“पहिल्या दहा मिनिटांपासून. उत्तराच्या शेवटी काय लिहिलं होतं तुम्ही? तो विषाणू आतड्यातून निघून मज्जारज्जूकडे चालला होता. हा प्रवास पोलिओचा. तुमचा रेट्रोव्हायरस त्याच्याच तिकिटावर निघालेला. आणि वाक्यं सगळी माझी. माझं लिहिलेलं मला ओळखू येणार नाही?”

“मग तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलंत?”

“मी का सांगू?” त्यांची काठी थांबली. “चूक तुमची, गोपनीयता तुमची, तोंडही तुमचंच. मी विचारलं होतं तुम्हाला, सगळ्यांदेखत. तुम्ही पुटपुटलात.”

मी येताना वाटेत एक वाक्य जुळवून ठेवले होते. ते मी म्हणालो: “मी त्या विषाणूसारखाच वागलो, मॅडम. तुमचंच घेतलं, आणि तुमच्याच...”

“थांबा. एवढे मोठे होऊ नका,” मॅडम म्हणाल्या. “विषाणूकडे निदान स्वतःची कात्री असते. तुम्ही माझं टिपण धड कापलंसुद्धा नाही.”

चहा आला. मी कप खाली ठेवला. मग मी म्हणालो, “मला माफ करा.”

“इथे कोण ऐकतंय?” त्या म्हणाल्या. “मी, आणि हे कांदे. मला आधीच माहीत आहे, आणि कांद्यांना काही देणंघेणं नाही. जिथे माहीत नाही तिथे सांगा. आणि माझं काय, माझी तीन वर्षं गठ्ठ्यांशिवाय सुखात गेली. प्रमुखपद म्हणाल, तर ती खुर्ची मला पाठीला टोचलीच असती. त्या पोरांचं सांगा. वैशाली एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये सकाळी सातपासून नळ्या लावते. मला दिवाळीला फोन करते. तुझं बरोबर होतं म्हटलं तरी तिला पटत नाही, अजून म्हणते, मॅडम, मला उत्तरं आटोपशीर लिहायला जमायचं नाही.” त्यांचा आवाज चिरकला, रागाने की कशाने, ते मला कळले नाही. “हाई काय शे, सर? ज्या पोरीनं एक ओळ चुकवली नाही, ती इतकी वर्षं स्वतःची चूक शोधतेय.”

मी उठलो तेव्हा त्यांनी विचारले, “रेट्रोव्हायरस कधी शिकवणार आहात?”

“शुक्रवारी.”

“हं,” त्या म्हणाल्या आणि पुन्हा कांदे लोटू लागल्या.

गुरुवारी मी प्राचार्यांच्या आणि विद्यापीठाच्या नावे सविस्तर पत्रे लिहून दिली. त्यांचे काय होईल ते होवो. विभागातल्या सहकाऱ्यांना शुक्रवारच्या तासाला येऊन बसण्याची विनंती केली. त्यांना वाटले, मी काही नवीन शिकवणार आहे.

शुक्रवारी वर्ग भरला होता. मी फळ्यावर पेशी काढली. मॅडमसारखी देखणी आली नाही. कडेला ठिपका टेकवून वळलो, तो मागच्या दारातून काठी आत आली, तिच्यामागे मॅडम, आणि त्यांचा कोपर धरून वैशाली. तिच्या खांद्याला लॅबची पिशवी होती. कामावरून परस्पर आली असावी. दोघी शेवटच्या बाकावर बसल्या. मॅडमनी फळ्यावरच्या ठिपक्याकडे पाहिले आणि तोंड वाकडे केले.

मी पूर्ण तास शिकवला. वही, लेखनिक, शिवलेले पान, कारकून, आचारी, कात्री. एकही पायरी गाळली नाही. मग खडू खाली ठेवला आणि म्हणालो, की हीच पायरी एका आदर्श उत्तरात गाळलेली होती. ते कोणी लिहिले, कशावरून उतरवले, कोणत्या सभागृहात कोण उभे राहिले आणि कोण बसून राहिले, हे सांगितले. पहिल्या बाकावरची मुले लिहिता लिहिता थांबली. सहकारी माझ्याकडे न पाहता खिडकीकडे पाहू लागले. शेवटी माफीचे वाक्य आले, आणि माझा आवाज आपोआप तिथे गेला, जिथे तो जन्मभर जात आला होता. माझ्याच कानांना तो जेमतेम पोचला.

मागून काठी आपटल्याचा आवाज आला.

“ऐकू आलं नाही,” शेवाळे मॅडम म्हणाल्या.

मी टेबलाच्या पुढे आलो. घसा साफ केला. वडिलांची शिकवण मोडली, आणि व्हरांड्यातून जाणारी मुलेही थबकतील एवढ्या मोठ्याने म्हणालो:

“वैशाली, तुझं उत्तर बरोबर होतं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत बरोबर होतं. चूक माझी होती, आणि तू विचारलंस तेव्हा मी तुझ्याशी खोटं बोललो. शेवाळे मॅडम, तुम्ही एकट्या उभ्या होतात आणि मी गप्प बसलो. मी तुम्हा दोघींचा अपराधी आहे. मला क्षमा करा.”